भाऊजींच्या कॅटमध्ये मधमाश्या

सेगेड, २७ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,

जॅम करपला, आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात. तुम्ही आणि आपल्या ‘बुरुज’ खेळाचे नवे पत्ते. सकाळी दुकानातल्या बाईंचा फोन आला की नवी पाकिटं आली. आलुबुखार मंद आचेवर ठेवून मी गेले, आले, एक पाकीट फोडलं, मग दुसरं, आणि वास आला तेव्हा पातेल्याच्या तळाला डांबर झालं होतं. पातेलं भिजत घातलंय. पत्ते मात्र सुरेख आहेत.

मार्टिनच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला, दरवर्षीसारखा हंस माझ्याकडे. त्या दिवशी जो हंस खात नाही तो वर्षभर उपाशी राहतो म्हणतात, आणि तुम्ही तसेही डब्यातल्या मासळीवर जगता. क्लारीताईला जाऊन तीन वर्षं झाली, पण तिचे नियम अजून लागू आहेत आणि ते तुम्ही सोयीने विसरता, म्हणून पुन्हा लिहिते. दर वर्षी नवा कॅट. पत्ते चाळीस, आपल्याच साठ्यातून निवडलेले. कॅट ज्याचा त्याने एकट्याने लावायचा, कुणाला विचारायचं नाही, इंटरनेटवर डोकवायचं नाही. अदलाबदल पोस्टाने चालेल. हंस संपेपर्यंत कुणी कुणाला पत्ता दाखवायचा नाही.

गेल्या वर्षी तुम्ही कॅटमध्ये नुसती बोजड जनावरं भरलीत. रानरेडा, दोन अस्वलं आणि तुमचा तो लोखंडी बैल. त्यांना मैदानात आणायला बळ साठवावं लागतं. तुमचं बळ साठेपर्यंत माझ्या विषारी भूछत्रांनी तुमचा बुरुज आतून पोखरला होता. यंदा काही वेगळं सुचतंय का, की पुन्हा गोठाच घेऊन येणार?

तुमची मेहुणी,
पिरोश्का


मोहाच, ४ सप्टेंबर

मेहुणीबाई,

गोठ्याला नावं ठेवू नकोस. आयुष्यभर फेरीबोट चालवलेल्या माणसाला वजनदार गोष्टी आवडतात. हलकी वस्तू नदीत कुठेही वाहून जाते.

पण तू म्हणतेस तर यंदा बेत वेगळा आहे. नदीतले प्राणी. तो मिशीवाला राक्षसी मासा, पाणसाप, भोवरा. एवढं सांगितलं ते पुष्कळ झालं.

एक काम होतं. तुझ्याकडे मधमाश्यांचे पत्ते पडून असतील. राणीमाशी, कामकरी माश्या, बाभळीच्या फुलांवरचा थवा, असले. तुझ्या विषात त्यांचा काही उपयोग नाही. ते मला पाठव. बदल्यात लोखंडी बैल घे. जाड पुठ्ठ्यात घालून सोबत पाठवतोय. कोपरे बघ, एकही दुमडलेला नाही.

नदीच्या प्राण्यांत मधमाश्या कशाला, असं विचारशील. काठावर झाडं असतात, झाडांवर पोळी असतात. बास.

वेंडेल

ता.क. आमच्याकडच्या माशांच्या सूपमध्ये शेवया असतात म्हणून तू गेल्या वर्षी जे बोललीस ते मी विसरलेलो नाही.


सेगेड, ११ सप्टेंबर

भाऊजी,

बैल मिळाला. मी तो पुठ्ठ्यातून काढला आणि खुर्चीत बसले.

ताई म्हणायची, घराला आग लागली तर हा माणूस आधी बैल बाहेर काढील आणि मग मला हाक मारील. आणि तो बैल तुम्ही चार माश्यांसाठी पोस्टात टाकता? मी जन्मभर औषधाच्या काउंटरमागे उभी होते. माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू वाटायला लागला की त्याच्याकडे जरा नीट बघावं, एवढं मला कळतं.

तेव्हा खरं सांगा. झोप लागते का? जेवणानंतर छातीत जळजळ होते? रात्री कितीदा उठता? लाजू नका, अख्ख्या सेगेडच्या लघवीची चौकशी मी केलेली आहे.

मधमाशी हा सोशिक माणसाचा पत्ता आहे. डावामागून डाव नुसता मध साठवायचा, मार खायचा, गप्प बसायचं, आणि पोळं भरलं की एकदम थवा सोडायचा. तुम्हाला सूप निवेपर्यंत धीर नसतो, दर वर्षी जीभ भाजते. असा माणूस अचानक मध साठवायला लागला तर काहीतरी बिनसलंय.

एक कामकरी माशी पाठवते आहे. राणी नाही. राणी तुमचं उत्तर बघून. सोबत लिंडनच्या फुलांचा चहा आहे, झोपण्यापूर्वी घ्या. साखर न घालता.

पिरोश्का


मोहाच, २३ सप्टेंबर

पिरोश्का,

काल दुपारी डॉक्टर लेहेल दारात उभा. हातात बॅग. म्हणाला, “सहज इकडून चाललो होतो.” त्याचं घर नदीच्या पलीकडे आहे. सहज इकडून जायला त्याला फेरीबोटीचं तिकीट काढावं लागतं. मी विचारलं, “पिरोश्काने पाठवलं का?” तर म्हणाला, “जीभ दाखव.”

त्याने जीभ बघितली, छाती ठोकून बघितली, माझ्या पायाचे अंगठे दाबले. मग टेबलावरच्या मधाच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि माझी तब्येत त्याच्यापेक्षा चांगली आहे असं सांगून तो गेला. या गडबडीत आम्ही चुलीवर ठेवलेलं सूप उतू गेलं.

मी ठणठणीत आहे. चहा मिळाला, त्याला गवताची चव आहे. माशी मिळाली. पण राणीशिवाय पोळं कसं उभं राहायचं, असं आमचं म्हणणं आहे. तू बैल ठेवून घेतलास आणि एक कामकरी माशी देऊन मोकळी झालीस. याला अदलाबदल म्हणत नाहीत.

वेंडेल


सेगेड, ३० सप्टेंबर

भाऊजी,

‘आम्ही चुलीवर ठेवलेलं सूप’. ‘आमचं म्हणणं’. एकटा राहणारा माणूस स्वतःला आम्ही म्हणायला लागला की तो एकतर राजा असतो नाहीतर नगराध्यक्ष. तुम्ही दोन्ही नाही. मी लेहेलला फोन केला.

आधी तो आडवळणाने बोलला. मग मी त्याला शाळेतल्या एका गोष्टीची आठवण करून दिली, तेव्हा सरळ झाला. तुमच्या टेबलाशी कुणी अरांका नावाच्या मधवाल्या बाई बसल्या होत्या. हातात पत्ते पंख्यासारखे धरलेले. डॉक्टर आत आला तर मान वर न करता म्हणाल्या, “बसा, एवढी चाल होऊ द्या.”

आता सगळा उलगडा झाला. भाऊजी, ही फसवणूक आहे. मधमाश्यांचा कॅट लावायचा म्हणून तुम्ही खऱ्या मधमाश्या पाळणाऱ्या बाईंची शिकवणी लावलीत. पोळं कधी भरतं, थवा कधी सुटतो, हे सगळं त्यांना विचारून घेताय. ताईचा नियम काय होता? कॅट एकट्याने लावायचा. एकदा न्हाव्याला विचारून तुम्ही एक पत्ता बदललात, तर ताईने तुम्हाला एक डाव बाद केलं होतं. आणि इथे तुम्ही घरी सल्लागार बसवून तिला सूप पाजताय.

लेखी कबुली द्या. तोवर हंस रद्द.

पिरोश्का


मोहाच, ६ ऑक्टोबर

पिरोश्का,

शिकवणी नाही. मीच तिला शिकवतोय. मधमाश्यांचा कॅट माझा नाही, तिचा आहे.

नीट सांगतो. निवृत्त झालो तरी मी रोज फेरीबोटीवर जातो हे तुला माहीत आहे. पलीकडे जायचं, परत यायचं, नव्या चालकाच्या चुका काढायच्या. मे महिन्यात बाकावर पत्ते मांडून बसलो होतो. वारा सुटला, ‘वादळातली घार’ उडून थेट पाण्यात. बाकीचेही चालले होते. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी पत्त्यांवर मधाची बरणी ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. म्हणाल्या, “ही काय पोरांची चित्रं आहेत?” मी म्हटलं, नाही, हे युद्ध आहे. म्हणाल्या, “मग सैनिक असे मोकळे का सोडलेत?” त्यांच्या मधपेट्या बेटावर बाभळीत असतात, आठवड्यातून चारदा त्या पलीकडे जातात. हळूहळू आमचा डाव बोटीवरच रंगायला लागला. मग बोटीचा प्रवास अपुरा पडायला लागला.

मी तुझ्यापासून लपवलं, कारण कसं लिहावं ते कळेना. बैल दिला तो तिच्या माश्यांसाठी दिला. जिवाभावाचा होता, आहे. पण तिच्याजवळ एकही पत्ता नव्हता.

आणि हेही सांगतो, नाहीतर तू दुसरीकडून काढशीलच. मी तिला क्लारीचे पक्ष्यांचे पत्ते देऊ केले होते. डबा पुढे ठेवला. तिने उघडला, सगळे पत्ते बघितले, पुन्हा तसेच लावून ठेवले. म्हणाली, “यांनी मी जिंकले तर तुम्हाला वाईट वाटेल. हरले तर त्यांना. मला माझे माझे हवेत.”

मार्टिनला मी तिला आणू का? तू नाही म्हणालीस तर मी एकटा येईन आणि काही बोलणार नाही.

वेंडेल


मोहाच, २१ ऑक्टोबर

पिरोश्का,

काल माझा नामदिन होता, संत वेंडेलचा दिवस. वेंडेल नावाच्या माणसाला तू दर वर्षी खोचक कार्ड पाठवतेस. यंदा आलं नाही. पोस्टवाली बाई म्हणाली, “सेगेडहून आज काहीच नाही.” तिलाही वाईट वाटलं.

रागावली असशील तर रागाचं पत्र लिही. तुझं रिकामं पाकीट आलं तरी मला चालेल.

वेंडेल


सेगेड, २४ ऑक्टोबर

श्रीमती अरांका यांस,

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता मला डॉक्टर लेहेल यांनी दिला. त्यांना दोष देऊ नका, त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. या पत्राबद्दल माझ्या भाऊजींना कळवू नये, ही विनंती.

मी क्लारीची धाकटी बहीण. आमच्या टेबलावर बसायला कुणी येणार असेल, तर ते माणूस खेळतं कसं हे मला माहीत असायला हवं. इतर चौकशी मी करत नाही, ती लोक आपण होऊन सांगतात.

तेव्हा एक डाव मांडते. तिघे खेळताहेत. तुमचा बुरुज अर्धा ढासळलाय. हातात तीन कामकरी माश्या, पोळ्यात थोडा मध. समोर एका माणसाचं अस्वल उभं आहे. तुमच्या डावीकडे एक बाई बसली आहे, तिने तीन डाव काहीच केलेलं नाही आणि ती तुमच्याकडे बघून हसते आहे. तुम्ही काय कराल?

पिरोश्का


मोहाच, २९ ऑक्टोबर

पिरोश्काबाई,

मी आधी त्या बाईंकडे बघीन. अस्वल काय करणार ते ठरलेलं असतं.

खऱ्या माश्यांचे माझे अनुभव सांगू का? पेटीवर अस्वल चालून आलेलं मी कधी पाहिलं नाही. पण भिंतीतल्या फटीतून आत शिरणाऱ्या मेणकिड्याने माझ्या दोन पेट्या खाल्ल्या, आणि बाहेरून सगळं छान दिसत होतं. तेव्हा मी मध तसाच ठेवीन, एकही माशी अस्वलावर घालवणार नाही, आणि त्या बाईंना विचारीन की हसायला काय झालं. उत्तर देताना त्या पत्त्यांकडे बघतात का ते पाहीन.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते. माझा नवरा बाराव्या लग्नदिवसाच्या आदल्या आठवड्यात ऑस्ट्रियाला कामाला गेला आणि तिथेच रमला. मुलं नाहीत. मी वेंडेल यांच्या घरी राहत नाही. संध्याकाळी मला पेट्यांचं काम असतं.

एक तारखेला, संतांच्या सणाला, सगळे कबरींवर जातील. वेंडेल शेवंती घेऊन जाणार आहेत, तुमच्याही वाटची. तुमचा गुडघा दुखतो म्हणून तुम्हाला येता येणार नाही, असं डॉक्टर लेहेल म्हणाले. मी जाणार नाही. मी बोटीच्या धक्क्यावर थांबणार आहे, म्हणजे परत येताना त्यांना बोलायचं असेल तर बोलता येईल आणि नसेल तर बोटीत बसता येईल.

अरांका


सेगेड, ३ नोव्हेंबर

भाऊजी,

हंस पुन्हा ठरला आहे. आणा त्यांना. मी त्या बाईंना ओळखत नाही आणि ओळखायची मला घाईही नाही, पण चार किलोचा पक्षी दोघांना जास्त होतो, लाल कोबीही उरतो.

नामदिनाचं कार्ड मी लिहिलं होतं. ते खोचक झालं नाही, म्हणून टाकलं नाही.

कबरीवर पांढरी शेवंती ठेवलीत ना? ताईला पिवळी आवडत नसे.

तुमचा तो नदीतल्या प्राण्यांचा बेत थाप आहे हे मी पहिल्याच पत्रात ओळखलं होतं. गोठाच येणार आहे. बैल माझ्याकडे असला तरी रेडा आहेच.

पिरोश्का


सेगेड, ४ नोव्हेंबर

अरांकाबाई,

सोबत राणीमाशी आणि थव्याचे दोन पत्ते आहेत. भाऊजींना सांगा की दुकानात पाकीट फोडलं आणि निघाले. ते विश्वास ठेवतील. आयुष्य नदीवर काढलेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो, फक्त हवामानखात्यावर नाही.

तुमचं उत्तर मला आवडलं. म्हणून एक प्रस्ताव आहे. मार्टिनला आपण दोघी मिळून आधी भाऊजींना बाद करू. मग आपलं आपण बघू. भाऊजींची एक सवय सांगते, जी ताई आणि मी कधी त्यांना कळू दिली नाही. हातात मोठं जनावर आलं आणि ते बोलवायला बळही साठलं, की पुढच्या चालीआधी ते जेवणाची स्तुती करतात. नेहमी. “केक फार मऊ झालाय,” असं म्हणाले की समजायचं, रेडा येतोय. त्याच क्षणी दोन्हीकडून तुटून पडायचं, म्हणजे बळ बुरुज वाचवण्यात जातं आणि रेडा हातातच राहतो.

माझी काळजी करू नका. मी यंदाही भूछत्रंच खेळणार आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. विष हळूहळू चढतं, आणि चढलं की उतरत नाही. उतारा म्हणून ‘कडू काढा’ असा एक पत्ता आहे खरा, पण तो इतर कशालाच उपयोगी नाही, त्यामुळे कुणीही तो कॅटमध्ये घेत नाही. लोक पाकिटातून काढून तसाच टाकतात. तेव्हा शेवटच्या डावात तुम्ही हराल, पण इज्जतीने हराल असं मी बघीन.

पिरोश्का


मोहाच, १३ नोव्हेंबर

मेहुणीबाई,

घरी सुखरूप पोचलो. हंसाबद्दल आभार. बाकीच्याबद्दल आभार मानायचे की नाही याचा विचार चालू आहे.

माझं एकच विचारणं आहे. अक्रोडाचा केक चांगला झालाय असं म्हणणं हा गुन्हा आहे का? मी तेवढं म्हणालो, आणि तुम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि माझ्या बुरुजावर अशा तुटून पडलात की जणू मी केकमध्ये केस सापडला म्हणालो. दुसऱ्यांदा मी चकार शब्द काढला नाही, नुसता तुकडा तोंडात टाकून मान डोलावली, तरी तेच. रेडा हातात तसाच राहिला. सहा महिने तिला शिकवलं त्याचं हे फळ.

आणि तू म्हणालीस की तुमची ओळख नाही. मग दारात पाऊल टाकताच तिने तुझ्या गुडघ्याची चौकशी कशी केली? आणि तुझ्या घरात साखर कुठे असते हे तिला न विचारता कसं सापडलं? तर ती म्हणाली, औषधवाल्या माणसाकडे साखर वरच्या फळीवरच असणार. मी मान्य करून टाकलं. भांडी घासताना माणूस पुष्कळ गोष्टी मान्य करतो.

स्टुलाचं मात्र मनात राहिलं. पेट्यांजवळ बसायचं ते घडीचं स्टूल ती घरून घेऊन आली होती, मला परतीच्या बोटीपर्यंत कळलंच नाही कशासाठी. क्लारीच्या खुर्चीवर बसायला लागू नये म्हणून. तिने ते टेबलाशी मांडलं तेव्हा मला वाटलं, आता तू काय बोलतेस. आणि तू म्हणालीस, “स्टुलावर बुटक्या दिसाल आणि तुमचे पत्ते मला वरून दिसतील. मला असं फुकटचं जिंकायचं नाही. खुर्ची घ्या.”

 

वेंडेल


सेगेड, १५ नोव्हेंबर

अरांकाबाई,

त्या डावाबद्दल मला काही खुलासे करायचे आहेत.

पहिला असा, की तो डाव धरता येणार नाही. माझ्या बोटांना हंसाची चरबी लागली होती, आणि दोन भूछत्रं एकमेकांना चिकटून एकदमच आली. दुसरा असा, की भाऊजी स्वयंपाकघरात बश्या आपटत होते, त्याने माझं लक्ष उडालं. तिसरा खुलासा ‘कडू काढ्या’चा. तुम्ही पहिला काढा टाकलात तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्या नवख्या बाई, पत्ता कमी पडला म्हणून भरती केली. दुसरा टाकलात तेव्हा मी हसणं थांबवलं. चौथा पडला तेव्हा माझं सगळं विष धुऊन निघालं होतं आणि तुमचं पोळं काठोकाठ भरलं होतं. ते चार काढे भाऊजींच्या टाकाऊ पत्त्यांच्या डब्यातून आले, हो ना? आणि तो पत्ता अस्तित्वात आहे हे तुम्हाला माझ्याच पत्रातून कळलं. मी जन्मभर लोकांना उतारे विकले, आणि मेले ती उताऱ्याने.

आता जे खुलासे नाहीत ते.

थवा सोडण्याआधी तुम्ही राणी टेबलावर ठेवलीत आणि माझ्याकडे बघितलंत. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “क्लारीताई, तू असं करणार हे मला माहीत होतं.” मलाच ते ऐकू आलं आणि माझे हात थांबले. स्वयंपाकघरातला नळही बंद झाला. भाऊजींनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही बाई उठेल, किंवा माझा हात हातात घेईल, किंवा असं काहीतरी हळवं बोलेल की मला तिला घराबाहेर काढावं लागेल.

तुम्ही म्हणालात, “तुमची चाल आहे.”

मी पत्ता टाकला. नळ पुन्हा सुरू झाला. तुम्ही थवा सोडलात आणि माझा बुरुज कोसळला.

तीन वर्षं मी त्या टेबलावर भाऊजींशी खेळले आणि दोघांनीही तिचं नाव घ्यायचं टाळलं. नियम तिचे, नाव नाही. त्या दिवशी ते नाव निघालं आणि काहीही मोडलं नाही, डावसुद्धा नाही. भाऊजी हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी तिची गोष्ट सांगितली, वाचनालयात ती पोरांच्या टोळीला हरवून त्यांचे पत्ते जिंकायची आणि मग पुस्तक वाचून दाखवलं की परत द्यायची, ती. मी ती शंभरदा ऐकली आहे. तुम्ही पहिल्यांदा ऐकत होतात, म्हणून मलाही पुन्हा ऐकावीशी वाटली.

आमच्याकडे अहो-जाहो सोडायचं असेल तर ते मोठ्या बाईने सुचवायचं असतं, आणि त्यावर पेला उचलायचा असतो. नवी वाइन त्या दिवशी भाऊजींनी संपवली, त्यामुळे मी इथे एकटीने पालिंका ब्रँडीचा पेला समोर ठेवला आहे. तू तिकडे काहीही ठेव, मध चालेल. मी प्यायले. आता मला ‘तुम्ही’ म्हटलंस तर पत्राचं उत्तर देणार नाही.

आणि तो डाव धरायचा नाही.

पिरोश्का


मोहाच, १९ नोव्हेंबर

पिरोश्का,

मधाची दारू होती घरात, तीच घेतली. वेंडेल म्हणाले, सकाळी अकराला कसला पेला उचलतेस? मी म्हटलं, कामाचा आहे.

हे पत्र तीनदा लिहिलं. दर वेळी दुसऱ्या ओळीत ‘तुम्ही’ येतं आणि कागद फुकट जातो. माश्यांशी मी दिवसभर बोलते, त्या काही हिशेब ठेवत नाहीत. माणसाच्या बाबतीत तोंडाला वळण लागायला वेळ लागतो. म्हणून विचार केला की सरावासाठी एकच वाक्य घ्यावं, छोटं, सोपं, आणि ते नीट लिहावं. चरबी, बश्या, चिकटलेली भूछत्रं, सगळं वाचलं. सगळ्याचा विचार केला.

तू हरलीस.

अरांका